लाल ठिपक्यांना हात लावू नये

२ ऑगस्ट

मामा, नमस्कार.

नोकरी लागून दोन महिने झाले आणि आत्ता कुठे तुला लिहितेय, म्हणून शिव्या आधीच घालून घे. फोन दोनदा केला होता. दोन्ही वेळा "तोंडात घास धरून बोलू नकोस" म्हणालास आणि ठेवून दिलास. माझ्या तोंडात काही नव्हतं. मामी म्हणाली, हे हल्ली फोनवर कुणाशीच धड बोलत नाहीत, तू आपली पत्र लिही. म्हणून हा कागद.

अकरा वर्षांपूर्वी तू ज्या वाचनालयाच्या सभागृहात ध्वनियंत्रणा बसवलीस, तिथेच मी तंत्रज्ञ म्हणून लागले आहे. दोनशे चाळीस खुर्च्या, व्यासपीठावर तीन माइक, मागे काचेच्या खोलीत मिक्सर आणि कोपऱ्यातल्या कुलूपबंद लोखंडी कपाटात तुझे चार अ‍ॅम्प्लिफायर. इथे तुला सगळे 'मास्तर' म्हणतात. तुझा विषय निघाला की व्यवस्थापक खुर्चीतून अर्धे उठतात. मी तुझी भाची हे कळल्यावर ते माझ्यासाठीही उठले होते, पण फक्त पहिल्या दिवशी.

आता रडगाणं. आवाज वाईट आहे. कुणी बोलत नसलं तरी स्पीकरमधून सारखं 'स्स्स' चालू असतं. कुणी बोलायला लागलं की मागच्यांना ऐकू येत नाही, आणि मागच्यांसाठी मिक्सरवरची पट्टी केसभर वर सरकवली की माइक शिट्टी मारतो. पुढे बसलेल्यांच्या कानात प्रत्येक 'स' आणि 'श' सुईसारखा घुसतो. यावर ह्या थोर लोकांनी काय उपाय शोधलाय, ऐक. दाराशी टेबलावर कापसाची वाटी ठेवली आहे. येणारा प्रत्येक जण चिमूटभर कापूस घेतो, कानात घालतो आणि मग व्याख्यान ऐकायला बसतो! मी विचारलं, ही वाटी कधीपासून? म्हणाले, झाली असतील दोन वर्षं.

तरी व्यवस्थापकांचं म्हणणं असं की मास्तरांनी लावून दिलेलं अगदी उत्तम होतं, बिघडलं ते मी आल्यावर. कापूस दोन वर्षांचा आणि मी दोन महिन्यांची, हा हिशेब त्यांना मांडून दाखवला तर म्हणाले, "उलट बोलू नका."

२८ सप्टेंबरला वार्षिक सभा आहे. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या दिवशी ठरणार. सभा ह्याच सभागृहात, ह्याच माइकवर. काय करू ते सांग.

तुझी,
टिटवी

---

९ ऑगस्ट

चि. टिटवीस,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून मागू नकोस.

कापसाची वाटी वाचून एकटाच हसत बसलो. तुझी मामी बघायला आली, मला काही झालं की काय म्हणून. सभागृह आहे की गादीवाल्याचं दुकान? अशा लोकांना व्याख्यान कशाला हवं? नुसता कापूस वाटला तरी तेवढेच शहाणे होऊन घरी जातील.

आता तुझं. तू माझ्या हाताखाली तीन वर्षं वायरी ओढल्यास आणि तरी विचारतेस काय करू? हल्ली सगळ्यांची एकच विद्या झाली आहे. आवाज कमी वाटला की हाताला लागेल ते शेवटचं बटण पिळायचं. अगं, नळाला पाणी आलं नाही तर माणूस आधी टाकी बघतो, बादली आपटत नाही बसत.

पुन्हा एकदा सांगतो, नंतर सांगणार नाही. आधी माइक. बोलणाऱ्याला त्याच्या रोजच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायला लाव. "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" नको. जगात कुणी तसं बोलत नाही आणि जे बोलतात त्यांच्या हातात माइक देऊ नये. माइकची पातळी अशी आण की मिक्सरचे हिरवे दिवे पेटते राहतील, पिवळा एखाद-दुसऱ्या वेळी, लाल कधीच नाही. मग पट्टी शून्याच्या खुणेवर. आणि अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. ते पूर्ण बंद करून हळूहळू उघडायचे आणि शेवटची रांग "बस" म्हणेल तिथे थांबायचं. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तो कारागीर. बाकीचे नुसते बटणं फिरवणारे.

तुझ्या लक्षणांवरून घरबसल्या निदान सांगतो, लिहून ठेव. कुणीतरी चारही अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण उघडून ठेवले आहेत. म्हणून ते 'स्स्स', आणि म्हणूनच केसभर पट्टीवर शिट्टी. शिवाय वरच्या सुरांची बटणं अवाच्या सवा चढवली आहेत, म्हणून तो 'श' टोचतो. हे ज्याने केलं तो गाढव आहे. त्याला कान नाहीत, डोक्याच्या दोन बाजूंना दोन भोकं आहेत. मी बसवलेल्या यंत्रणेला असा हात लावणाऱ्याचं तोंड मला एकदा बघायचंय. शोध त्याला आणि कळव.

मामा

---

१७ ऑगस्ट

मामा, नमस्कार.

तुझं निदान तंतोतंत बरोबर निघालं. कपाटाची किल्ली मिळवायला दोन अर्ज करावे लागले, नोंदवहीत सही करावी लागली आणि व्यवस्थापक माझ्या मागे हात बांधून उभे राहिले. चारही अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण उघडे. वरचे सूर टोकाला चढवलेले. सभागृहात पाऊल न टाकता ओळखलंस, मानलं तुला.

पण मला त्याला हात लावता येत नाही. कपाटाच्या दारावर आतून पाटी आहे: "लाल ठिपक्यांना हात लावू नये. लावल्यास सेवा समाप्त." खाली समितीच्या पाच जणांच्या सह्या. देवघराला नसेल एवढी शिस्त त्या कपाटाला आहे.

सहज विचारते, हे लाल ठिपके म्हणजे काय प्रकार आहे? माझ्या वेळी तू असलं काही करत नव्हतास. आणि तू इथे शेवटचा कधी आला होतास? त्या वेळी पातळी कशी तपासलीस? घाई नाही, सवडीने लिही, पण सगळं लिही.

बाकी इथली मंडळी एकेक नमुना आहेत. परवा एक वक्ता माइकवर तीनदा टिचक्या मारून, दोनदा फुंकून मग म्हणाला, "मला माइकची गरज नाही." पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी कानातला कापूस काढून मला विचारलं, "संपलं का?" तेव्हा तो नुकताच सुरू झाला होता.

तुझी तब्येत कशी आहे? खरं सांग.

टिटवी

---

२४ ऑगस्ट

चि. टिटवीस,

माझ्या तब्येतीला काय धाड भरली आहे? तू आपल्या यंत्रणेची काळजी कर.

लाल ठिपके म्हणजे माझी मोहोर. तू शिकून गेल्यावर सुरू केली. पातळी लावून झाली की प्रत्येक बटण आणि त्याखालचा पत्रा यांना जोडून नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा. बटण केसभर हललं तरी ठिपका तडकतो, चोर लगेच सापडतो. बाटली तुझ्या मामीची. ती अजून शोधते आहे, बोलू नकोस.

तपासायची रीत चाळीस वर्षं एकच. मीटर आणि आकडे हे ज्यांच्या कानावर त्यांचाच भरवसा नाही त्यांच्यासाठी. एकाने व्यासपीठावर माइकसमोर किल्ल्यांचा जुडगा हलवायचा, एकाने कपाटाशी उभं राहून बटण फिरवायचं, आणि मी शेवटच्या रांगेत. मी "अजून" म्हटलं की अजून, "बस" म्हटलं की बस. किल्ल्या हातात वाजतात तशाच मागे ऐकू आल्या की काम झालं. मग मी जाऊन ठिपके देतो, पण बटण कुठल्या आकड्यावर थांबलंय ते बघत नाही. हा माझा नियम आहे. आकडा बघितला की कान खोटं बोलायला लागतो.

तुमच्याकडे शेवटचा आलो तो दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात. धूळ खाऊन स्पीकर इतके मेले होते की आधी किल्ल्या ऐकूच येईनात. कपाटाशी शिपाई होता, त्याला "अजून, अजून" करत नेलं तेव्हा कुठे किणकिण लागली. किल्ल्या तुमचे व्यवस्थापक स्वतः हलवत होते. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. नुसते मान हलवत राहिले. रसिक माणूस. नंतर मात्र त्यांच्या नाकाखाली कुणीतरी गाढव कपाटात शिरलंय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

तुझी चिंता मी मिटवून टाकली आहे. व्यवस्थापकांना आजच वेगळं पत्र टाकलं: "मी लावून दिलेली पातळी अचूक होती. त्यानंतर कपाटात ज्याचा हात गेला तो अडाणी आहे. त्याला शोधा आणि हाकलून द्या." माझ्या शब्दाला तिथे किंमत आहे. आता बघ कशी चक्रं फिरतात.

मामा

---

२ सप्टेंबर

मामा,

चक्रं फिरली. तुझं पत्र व्यवस्थापकांनी मला व्यासपीठावरून, माइकवर वाचून दाखवलं. "त्यानंतर कपाटात ज्याचा हात गेला तो अडाणी." मग किल्लीची नोंदवही उघडली. दोन वर्षांत त्या कपाटाची किल्ली घेतल्याची एकच नोंद आहे, माझी. तुझं पत्र आता माझ्याविरुद्धच्या अहवालाला जोडलं जाणार आहे. मला वाचवायला निघालास आणि माझ्याच पायावर धोंडा टाकलास.

आता नीट वाच. कागदावर आहे, घास-बीस काही नाही.

ठिपके सोळा आहेत. सोळाच्या सोळा अखंड. एकावरही चरा नाही. प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टी आहे, तिच्यावर तुझं अक्षर आहे आणि तुझी दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे. कपाट उघडलं त्याच दिवशी मी हे पाहिलं आणि तुला लिहिलं नाही. वाटलं, दोन प्रश्न विचारले की तुझं तुला उमजेल. तुला उमजलं काय, तर व्यवस्थापक रसिक आहेत.

ते गाढव तू आहेस, मामा.

मी किल्ल्या हलवून पाहिल्या. शिपायाला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. तो कानांवर हात ठेवून दाराबाहेर गेला. मग व्यवस्थापकांना विचारलं, त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत पाणी कशाने आलं? आधी सांगेनात. मग म्हणाले, "दुखत होतं हो फार. पण मास्तर 'अजून' म्हणत होते. आपल्याला काय कळतं त्यातलं?"

स्पीकर मेले नव्हते. तुला किल्ल्या ऐकू येत नाहीत. तुला ते 'स्स्स'ही ऐकू येत नाही, नाहीतर तू ते तसं सोडून आलाच नसतास. फोनवर कुणी तोंडात घास धरत नाही. तुझ्या कानांतून वरचे सूर गेले आहेत, कधी गेले ते तुलाच ठाऊक, आणि तू त्याचं खापर जगावर फोडत फिरतोयस. दुसऱ्याच्या कानांना भोकं म्हणणं सोपं असतं.

समितीला चार ओळी लिही की ती पातळी तुझीच होती. बाकी काही नको. मी कितीही सांगितलं तरी मास्तरांपुढे माझं कोण ऐकणार? तू लिहिलं नाहीस तर २८ तारखेला मी घरी. "मुलगी शिडीवर कशी चढणार" हे अकरा ठिकाणी ऐकून घेतल्यावर ही बारावी जागा मिळाली आहे. मला हे काम आवडतं. ते तूच मला शिकवलंस. हे लिहिताना मला रडू येतंय आणि तुझा भयंकर रागही येतोय, दोन्ही खरं आहे.

टिटवी

---

१५ सप्टेंबर

चि. टिटवी,

हे पत्र मी लिहिते आहे, तुझी मामी. तू वाट बघून थकली असशील.

तुझं पत्र ह्यांनी दाराशीच उभ्या-उभ्या वाचलं. घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला खास काही जाणवलं नाही. एरवी मी बोलते तेही कुठे त्यांच्यापर्यंत पोचतं? पोस्टमन तीनदा बेल वाजवून निघून जातो आणि हे म्हणतात, हल्लीचे पोस्टमन आळशी झाले. टीव्ही असा लावतात की बातम्या आमच्या घरी आणि ऐकतो सगळा जिना. सात वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, कान दाखवून घ्या. तर मला म्हणाले, तू स्पष्ट बोलायला शिक. आवाजातला एवढा मोठा माणूस, त्याच्याशी मी काय वाद घालणार? गप्प बसले. तुमचे ते कापूसवाले आणि मी सारखेच.

सहाव्या दिवशी मला किल्ल्यांचा जुडगा दिला आणि पलीकडच्या खोलीत उभं केलं. म्हणाले, हलव. मी हलवला. म्हणाले, हलव ना. मी म्हटलं, हलवते आहे. मग ते दारापाशी आले आणि माझ्या हाताकडे बघत उभे राहिले. मी हलवत होते, ते बघत होते. मग अजून जवळ आले, अगदी कान लावण्याइतके. असा चेहरा मी त्यांचा लग्नानंतर कधी पाहिला नव्हता. मला वाटलं होतं, एकदा तरी ह्यांची खोड मोडावी. मोडली तेव्हा बघवलं नाही.

खुर्चीत जाऊन बसले. म्हणाले, "पोरीची नोकरी घालवली मी."

आत्ता टेबलाशी बसले आहेत. तीन कागद फाडले, चौथा चालू आहे. नखरंगाची बाटलीही आज टेबलावर आणून ठेवली आहे. मी दोन वर्षं कामवालीवर संशय घेत होते.

मामी

---

२० सप्टेंबर

मा. अध्यक्ष व सभासद, वाचनालय समिती, यांस.
(प्रत: माझ्या भाचीला)

गेल्या महिन्यात मी आपल्या व्यवस्थापकांना एक पत्र पाठवलं होतं. त्यातला 'अडाणी' हा शब्द बरोबर होता. पत्ता चुकला होता. तो अडाणी मी.

आपल्या कपाटातली सध्याची पातळी माझीच आहे. दोन वर्षांपूर्वी ती मी लावली तेव्हा माझ्या कानांतून वरचे सूर गेलेले होते. ते मला ठाऊक नव्हतं असं लिहिणार होतो, पण तो कागद फाडला. शंका होती. शंका असलेल्या माणसाने मीटर बघायचा असतो. मी तो बघितला नाही, कारण मीटर बघणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो. जे मला ऐकू येत नव्हतं ते मी तुमच्या कानांत ओतत गेलो आणि वर लाल रंगाने बंद करून आलो. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने इतकं वाईट काम करावं, याची मला लाज वाटते.

माझं झालं. आता तुमच्याविषयी.

आपल्या सभागृहात दोनशे चाळीस खुर्च्या आहेत, म्हणजे चारशे ऐंशी कान. ते दोन वर्षं दुखत होते. एकाही माणसाला एक पोस्टकार्ड टाकावंसं वाटलं नाही की मास्तर, दुखतंय. तुम्ही कापूस आणलात. तो संपला की पुन्हा आणलात. कपाटाला पाटी लावलीत. व्यवस्थापकांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ते किल्ल्या हलवत राहिले. मी बहिरा होतो, मला निदान कारण होतं. तुम्हाला काय झालं होतं?

आपल्या तंत्रज्ञ बाईंनी मला पहिल्याच पत्रात सगळी लक्षणं अशी लिहिली की मला घरबसल्या दोष सांगता आला. कुणाचा दोष ते तेवढं मला कळलं नाही, त्यांना कळलं. त्यांनी कपाटातल्या एकाही बटणाला हात लावलेला नाही. हीच त्यांची एकमेव चूक. ठिपके फोडायची परवानगी मी त्यांना या पत्राने देतो आहे, आणि ती तुम्ही सभेआधी द्या, नंतर नको. पाटी काढा. वाटी काढा. आणि पातळी लावून झाल्यावर तुमच्या कानांना जे ऐकू येईल त्यावर त्यांना कायम करायचं की नाही ते ठरवा. माझ्या नावावर काहीही ठरवू नका. त्याचा परिणाम दोन वर्षं भोगून झाला आहे.

हे पत्र सभेत मोठ्याने वाचावं.

आपला,
(पूर्वी ज्याला मास्तर म्हणत)

---

१ ऑक्टोबर

मामा, नमस्कार.

वाचलं. मोठ्याने.

अध्यक्षांना तुझं पत्र २४ला मिळालं. २६ला त्यांनी मला बोलावून विचारलं, "हे खरं असेल तर किती वेळ लागेल?" मी म्हटलं, दुपारभर. व्यवस्थापक कपाटाच्या दाराशी असे उभे होते, जणू मी आत कुणाचा गळा कापतेय. पहिला ठिपका तडकला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

तू सांगितलंस त्याच क्रमाने गेले. शिपायाला वर्तमानपत्र वाचायला लावलं. वरचे सूर सपाट केले. माइकची पातळी हिरव्यात, पट्टी शून्यावर, मग अ‍ॅम्प्लिफायर बंदपासून. शेवटच्या रांगेत व्यवस्थापकांनाच बसवलं आणि सांगितलं, नीट ऐकू आलं की "बस" म्हणा. ते म्हणेनात. आपण बोलायचं असतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. तिसऱ्यांदा दरडावल्यावर हळूच "बस" म्हणाले. तुझ्या खुणेच्या निम्म्याहून खाली.

सभेच्या दिवशी मजा झाली. अध्यक्ष माइकपाशी गेले आणि मागे वळून मला हातवारे करायला लागले की चालू करा. चालूच होतं. 'स्स्स' नाही म्हणजे यंत्र बंद, असंच सगळ्यांना वाटत होतं. मग ते बोलले आणि स्वतःच दचकले. निम्म्या लोकांनी सवयीने कापूस घातला होता, त्यामुळे त्यांना काहीच ऐकू येईना. ते एकमेकांकडे बघून काढायला लागले.

मग तुझं पत्र. अध्यक्ष सावकाश वाचतात. "तुम्हाला काय झालं होतं?" हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत अक्षर न् अक्षर पोचलं. मी काचेच्या खोलीतून बघत होते. हिरवे दिवे अगदी स्थिर होते, आणि दोनशे माणसं माना खाली घालून बसली होती. पहिल्या रांगेतल्या त्या बाई तेवढ्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी व्यवस्थापकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, सवय होईल." त्यानंतर व्यवस्थापक कुणाकडेच बघत नव्हते.

मला कायम केलं. एका सभासदाने विरोध केला. म्हणाले, आवाज स्पष्ट आहे, पण पूर्वीसारखा दणका नाही. अशांचं काय करायचं?

एक गोष्ट तुला आवडणार नाही. मी ठिपके लावले नाहीत. सोळा बटणांचे सोळा आकडे वहीत लिहिले आणि वही कपाटातच टांगून ठेवली. कुणालाही वाटलं की बिघडलंय, तर त्याने ताडून बघावं आणि मला सांगावं. मी चुकू शकते.

मामा, त्या दिवशी मी तुला गाढव लिहिलं. ते मागे घेत नाही. पण अख्ख्या सभेपुढे असं पत्र वाचायला लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

टिटवी

---

१६ ऑक्टोबर

चि. टिटवीस,

कायम झालीस, बरं वाटलं. फार बरं वाटलं. ठिपके लावले नाहीस, हा मूर्खपणा आहे असं लिहिणार होतो. दोन दिवस विचार केला. मूर्खपणा नाही.

तो दणकावाला सभासद मला दे पाठवून. त्याच्यासाठी मी अजून पुरेसा उद्धट आहे.

कान दाखवले. डॉक्टरने आलेख काढून दिला. डावीकडे, खालच्या सुरांना, बरा; उजवीकडे, वरच्या सुरांना, जिन्यावरून पाय घसरल्यासारखा. कानाचं यंत्र बसवणारा माणूस तर अगदीच दिव्य. पहिल्या झटक्यात सगळं चढवून मोकळा. मी त्याला म्हटलं, ही काय पद्धत झाली? बंदपासून सुरू कर. तो म्हणाला, आजोबा, तुम्ही फक्त सांगा, अजून हवं का? माझ्या तोंडात "अजून" आलं होतं. गिळलं. तुझी मामी शेजारी बसली होती. त्याला म्हटलं, ह्यांना बोलायला लाव, मला कळेल तितकंच ठेव, आणि थांबायचं कुठे ते ह्या सांगतील. तिने लगेच सांगितलं. इतकी वर्षं तिला कुणी विचारलं नव्हतं.

यंत्र लावून आठ दिवस झाले. जग भलतंच कर्कश आहे, मी उगाच नावं ठेवत नव्हतो. चपला वाजतात, कागद वाजतो, माझा स्वतःचा श्वास वाजतो. तुझी मामी गप्प असते असं मला वाटायचं. ती दिवसभर बोलत असते.

काल सकाळी तिने चहा आणून ठेवला आणि जाता-जाता पाठमोरी म्हणाली, "गरम आहे, फुंकून प्या." मी विचारलं, हे आज नवीन काय? तर म्हणाली, नवीन कसलं, रोज सांगते. टिटवी, मी सात वर्षं रोज सकाळी जीभ भाजून घेतोय आणि रोज तिच्यावर खेकसतोय, की एवढं एक वाक्य माणसाला सांगता येत नाही?

मामा